बारा राष्ट्राध्यक्ष आणि एक जून

सकाळी अंगणात पाणी शिंपडून झाले की आमचे घरमालक जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहत. ओल्या मातीचा वास वरच्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत त्यांचा आवाज पोचत असे.

"मॅडम, चौघंबी बरे हायेत न?"

मी यवतमाळच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आले, तेव्हा या घराची वरची खोली भाड्याने घेतली आणि जवळजवळ नऊ वर्षे तिथे राहिले. या नऊ वर्षांत बहुतेक प्रत्येक सकाळी मी हा प्रश्न ऐकला आहे. चौघे म्हणजे त्यांचे मुलगे नव्हेत, भाऊही नव्हेत. चौघे म्हणजे जर्मनीचे हयात असलेले राष्ट्राध्यक्ष, एक आजी आणि तीन माजी. मी उशाचा फोन उघडून पाहायचे आणि कठड्यावरून सांगायचे, "बरे आहेत, काका." मगच काका चहाचा पहिला घोट घेत. एकदा फोन बंद पडला होता, तेव्हा त्यांनी दुपारपर्यंत चहा घेतला नाही आणि काकूंनी त्याचा राग माझ्यावर काढला.

काका जन्मभर तालुक्याच्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचे कारकून होते. माणसाकडे पाहण्याची त्यांची एक रीत होती. समोर कोणी आले की ते चेहरा पाहत नसत. जणू त्या माणसाच्या डाव्या खांद्यावर आरंभाची आणि उजव्या खांद्यावर अखेरची तारीख लिहिलेली असावी, तशी त्यांची नजर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची. मी खोली पाहायला गेले त्या दिवशी त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. जन्मतारीख विचारली. मी सांगितली.

"शाळंची का खरी?"

"खरी. दवाखान्यातली."

"वेळ?"

"पहाटे तीन वाजून दहा मिनिटं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. तहानलेल्या माणसाच्या घशातून माठाचे पाणी उतरावे, तशी ती वेळ त्यांच्या आत उतरताना मला दिसली. मग ते काकूंना म्हणाले, "किल्ली दे यायले."

या प्रश्नाचे मूळ समजायला आमच्याकडची एक गोष्ट ठाऊक हवी. आमच्या भागातल्या एका पिढीतली निम्मी माणसे एक जूनला जन्मली आहेत. आई बाळंत झाली तेव्हा घरात पंचांग नसायचे, किंवा असले तरी ते पाहायला कोणाला सवड नसायची. मूल शाळेत नेले की मास्तर अंदाजाने वर्ष टाकत आणि तारखेच्या जागी शाळेच्या सोयीची, जूनची पहिली तारीख लिहीत. काकांच्या टेबलाशी आयुष्यभर ही माणसे येत राहिली. मोठा पूर आला त्या साली झालो, तांबडी गाय व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी झालो, असे सांगत राहिली, आणि काका मनातल्या मनात कुढत एक जून, एक जून, एक जून असे लिहीत राहिले. ते स्वतःही कागदोपत्री एक जूनचेच होते. हे ते कोणाला सांगत नसत. एखादा माणूस आपला जुना आजार लपवतो, तशी त्यांनी ती तारीख लपवली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी घरीच एक वही घातली आणि गल्लीतल्या माणसांच्या तारखा गोळा करायला सुरुवात केली. शेजारच्या घरातल्या सासूबाईंना ताप आला, तेव्हा हे वही घेऊन त्यांच्या उशाशी जाऊन बसले आणि नक्की कधीचा जन्म म्हणून विचारू लागले. सासूबाई बऱ्या झाल्या, पण दोन्ही घरांतले बोलणे वर्षभर बंद राहिले. तेव्हा काकूंनी फर्मान काढले की या वहीत जिल्ह्यातल्या कोणाचे नाव येता कामा नये. पुढे एका दूरच्या मामेसासऱ्यांवरून पुन्हा काहीतरी घडले आणि हे फर्मान साऱ्या देशाला लागू झाले.

काका काही दिवस नुसते बसून राहिले. मग माळ्यावर त्यांना एका जुन्या भाडेकरूचे स्पर्धापरीक्षेचे जाडजूड पुस्तक सापडले. वाळवी मुखपृष्ठापासून शिरली होती आणि देशामागून देश फस्त करत जर्मनीपाशी येऊन थांबली होती. थांबण्याचे कारण वाळवीलाच ठाऊक. त्या पानावर राष्ट्रप्रमुखांची यादी होती, आणि प्रत्येकासमोर जन्माचा दिवस आणि मृत्यूचा दिवस, महिना आणि सालासकट. कुठेही गाय व्याली नव्हती. कुठेही पूर आला नव्हता. काका सांगत, की ते पान वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि काकूंना वाटले की माळ्यावरची धूळ गेली.

मी ती वही पाहिली आहे. शाईला कापराचा वास होता, कारण काका तिच्यात कापराच्या वड्या ठेवत; ज्या वाळवीने हे पान राखले तिच्यावर पुन्हा विश्वास टाकायला ते तयार नव्हते. रकाने चार: जन्म, मृत्यू, पूर्ण वर्षे, आणि वरचे दिवस. नावे नव्हती. "तेवढ्या लांबच्या मानसाईचं नाव चुकीचं घेऊन कायले पाप घ्याचं," असे ते म्हणत. म्हणून पहिला, दुसरा, तिसरा, असे बारापर्यंत क्रमांक होते. मागच्या पानांवर त्यांच्या आधीचे सम्राट होते. त्यांतला एक फक्त नव्व्याण्णव दिवस गादीवर होता, आणि त्याचा उल्लेख आला की काकांचा आवाज लहान मुलाला निजवतानासारखा हलका व्हायचा. मधल्या एका हुकूमशहाचे पान मात्र कोरे होते. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "त्यानं दुसऱ्याईचे दिवस किती खाल्ले ते मोजून झालं, की मंग त्याचे लिहीन. अजून मोजून राह्यलो."

त्यांचा खरा जीव चौथ्या रकान्यात होता. "वर्षं तं कोनीबी जगते, मॅडम. मानूस वरच्या दिवसाईत कळते." चौथा राष्ट्राध्यक्ष सत्त्याण्णव वर्षे आणि वर सत्तेचाळीस दिवस जगला. हे सत्तेचाळीस दिवस काका इतक्या मायेने उच्चारत, की मला त्यांत एक उन्हाळा दिसू लागे: परक्या झाडांची सावली, खुर्चीत बसलेला अतिवृद्ध माणूस, आणि त्याच्या गुडघ्यांवर पसरलेले एकेक जास्तीचे ऊन.

या मंडळींशी त्यांची शर्यतही होती. आपले कागदोपत्री वय एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या आयुष्यापेक्षा एका दिवसाने पुढे गेले, की त्या सकाळी ते परीटघडीचा सदरा घालून अंगणात येत आणि जाहीर करत, "आज आठव्याले मांगं टाकलं." काकू जिलब्या तळत. सगळी गल्ली जिलब्या खाई आणि कोण आठवा, कशात मागे, असे कोणीही विचारत नसे. पाचव्याच्या आणि दुसऱ्याच्या आयुष्यात मात्र फक्त सात दिवसांचा फरक होता. त्यामुळे एकाच आठवड्यात दोनदा कढई चढवावी लागली. दुसऱ्या वेळी काकू झारा हातात धरून म्हणाल्या, "या दोघायनं आपसात बोलून घेतलं असतं तं एकाच घान्यात भागलं असतं."

मग एका फेब्रुवारीच्या सकाळी पायरीवरून नेहमीचा प्रश्न आला आणि मला उत्तर देता येईना. अंगणात ऊन कोवळे होते, ओल्या मातीतून हलकी वाफ निघत होती. मी जिना उतरून खाली गेले.

"काका, आता तिघे."

"कोन?"

"नववे."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. एक्क्याऐंशी पूर्ण. ब्याऐंशीला तीन आठवडे कमी. "तीन आठवडे," ते म्हणाले, आणि बादलीतले उरलेले पाणी तुळशीला न घालता तिथेच उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि दाढी केली नाही. काकूंनी विचारले, की तुमचा चुलता लागत होता का तो.

संध्याकाळी ते वही घेऊन माझ्या दारात आले. "मॅडम, मी आज सगळ्याईचे वरचे दिवस वाचले. पन माहे वरचे दिवस कोनते? एक जूनपासून मोजले तं ते मास्तरचे हायेत. माहे नाई."

नेमक्या त्याच आठवड्यात कागदोपत्री त्यांना ऐंशी वर्षे आठ महिने पूर्ण होत होते. इतक्या वयात माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, असे आपल्याकडे मानतात आणि त्याचे सहस्रचंद्रदर्शन करतात. काकूंनी या दिवसाची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. काकांचे हे सुतकासारखे दिवस सरले की वाढदिवसालाच, एक जूनला सोहळा करायचा, असे त्यांनी ठरवले, गुरुजींना सांगितले, माहेरी कळवले, ओवाळायला एक्क्याऐंशी दिवे घेतले. काकांनी नकार दिला. खोट्या तारखेवर चंद्र मोजायचे नाहीत. चंद्राला फसवता येत नाही.

काकूंचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा भरलेले पाहिले. त्या स्वयंपाकघरात अंबाडी निवडत होत्या आणि प्रत्येक पान गरजेपेक्षा जास्त जोराने खुडत होत्या. "जर्मनीवाल्याईचं तासा-मिनिटानं ठाव हाय यायले. सोताचं नाई. उद्या काई झालं तं मी लोकाईले काय सांगू, किती वर्साचा मानूस होता म्हनून? तू यायले घेऊन उमरखेडले जाय, पोरी. माई हायेत तोवर विचारून घे."

माई म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. काकांचा जन्म पाहिलेल्या माणसांपैकी तेवढ्याच उरल्या होत्या.

आम्ही मे महिन्यात एसटीने उमरखेडला गेलो. खिडकीची कांब हाताला लागेल तिथे भाजत होती. काकांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता आणि वही मांडीवर धरली होती. माई अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या कुरड्या राखत बसल्या होत्या. हातात कावळे हाकलायची काठी, तोंडात एकच दात, आणि आवाज मात्र शाळेतल्या घंटेसारखा. काकांनी पाया पडून सरळ प्रश्न विचारला. माईंनी आधी एक कावळा हाकलला.

"पोळ्याच्या दिवशी झाला तू. बैलं तोरनाखालून घराकडं येऊन राह्यले होते आन् तू रडला. बा बैलाईले ओवाळू का तुले पाहू, असा झालता."

"कोन्या सालचा पोळा, माई?"

"झेंडा लागला न, स्वातंत्र्याचा, त्याच्या आंधीच्या सालचा. झेंड्याच्या दिवशी तू माह्या कडंवर होता. चालता येत नव्हतं तुले. लाडूबी माह्याच हातचा खाल्ला."

काकांनी पिशवीतून जुनी पंचांगे काढली, जी ते अशाच क्षणासाठी जन्मभर जपून होते. त्यांचे बोट श्रावणातल्या अमावास्येवर थांबले. ऑगस्टच्या अखेरची एक तारीख. पण साल पाहताच ते गडबडले. शाळेच्या दाखल्यात लिहिलेले साल याच्या दोन वर्षे आधीचे होते.

"मंग शाळंत मोठा काहून लावला मले?"

माईंनी काठी खाली ठेवली. त्या काळी वय तपासायची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल सहा वर्षांचे समजायचे.

"बा मले शाळंत जाऊ देत नव्हता. म्हने, तू गेली तं लेकराले कोन पाह्यन. म्हून म्या तुलेच संग नेलं. चार वर्साचाबी नव्हता तू. तुहा हात कानाले कुठचा लागते? मास्तर तंबाकू मळाले वळला, तवा म्या तुहा कानच वर ओढला आन् तुह्या बोटात देला. तू भोकाड पसरलं. मास्तर म्हने, काहून रडते? म्या म्हनलं, शाळंची लय हौस हाय त्याले, म्हून रडते."

काकांचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला. "इतके वर्सं सांगतलं नाई, माई?"

"तू सरकारी मानूस. तेबी जन्माच्या खात्यात. नोकरी गेली असती न तुही."

"मले रिटायर होऊन तेवीस वर्सं झाले."

"मंग आज इचारलं, आज सांगतलं," माई म्हणाल्या आणि पुन्हा काठी उचलली.

परतीच्या बसमध्ये काका आर्णीपर्यंत आकडेमोड करत होते. हजार चंद्र अजून झाले नव्हते. ते ठरल्या दिवसापासून दोन वर्षांहून जास्त पुढे ढकलले गेले होते. "पयला पुन्हा पुढं गेला, मॅडम," ते खिन्नपणे म्हणाले. पहिल्या राष्ट्राध्यक्षाला मागे टाकल्याच्या जिलब्या आदल्या वर्षी वाटून झाल्या होत्या. त्या गल्लीकडून परत कशा घ्यायच्या, हा प्रश्न त्यांना खरोखर पडला होता. आर्णीनंतर मात्र ते अचानक थांबले. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि यवतमाळ येईपर्यंत बाहेरच्या नांगरून ठेवलेल्या काळ्या रानांकडे बघत राहिले.

काय झाले ते मला घरी गेल्यावर समजले. काकू दवाखान्यात जन्मल्या होत्या. या घरातली एकमेव खरी तारीख त्यांची होती, आणि लग्न ठरवताना काकांनी मुलीचा रंग, उंची, स्वयंपाक यांतले काही न विचारता जन्माची चिठ्ठी तेवढी मागितली होती, हे काकू पन्नासेक वर्षे सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आजवर काका त्यांच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठे होते. आता ते एक वर्ष आणि वर एकशे छप्पन्न दिवसांनी लहान ठरले होते.

काकांनी हे उभ्यानेच सांगितले. काकूंनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजे दोन वर्सं आंधीच रिटायर होऊन माह्या डोक्यावर येऊन बसले तुमी," एवढेच म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांडी पडल्यासारखा आवाज आला. मी धावत गेले. त्या ओट्याला धरून हसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून घरातले वारे बदलले. चहाचा पहिला कप काकू घेऊ लागल्या. अंगणातल्या एकुलत्या खुर्चीत त्या बसू लागल्या आणि काका तक्रार न करता पायरीवर. माहेरचा फोन आला, की सोहळ्याचे काय झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कायचा सोहळा, लेकरू अजून लहान हाय."

त्यांचे हे हसणे खरे होते, पण ते पुरते नव्हते, हे मला दिव्यांच्या पेटीवरून कळले. एक्क्याऐंशी दिवे त्यांनी धुऊन, कोरडे करून, पुन्हा कागदात गुंडाळले होते, एकेक करून. आणखी जवळजवळ दोन वर्षे थांबायचे. या वयात तो काळ केवढा, हे त्यांना कोणी मोजून सांगायची गरज नव्हती.

काकांनी ती पेटी पाहिली. संध्याकाळी ते म्हणाले, की सोहळा याच वर्षी होईल, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला होईल, आणि तो काकूंचा होईल. ऐंशी वर्षे आठ महिने त्यांचे पूर्ण होत आहेत, दवाखान्याच्या चिठ्ठीप्रमाणे.

"बाईचं कोन करते?" काकू म्हणाल्या. "तुमचं होतं म्हून माहं नाव मांगं लागलं असतं."

"चंद्रानं पाह्यलं का, खालून कोन पाह्यते, बाई का मानूस?"

काकूंनी दिव्यांची पेटी पुन्हा उघडली.

डिसेंबरातली ती संध्याकाळ मला स्पर्शासकट आठवते. अंगणातल्या सारवणाचा गारवा पायांतून वर चढत होता, तुपाच्या वाती तडतडत होत्या, आणि शेजारच्या गोठ्यातून येणाऱ्या सरकीच्या ढेपेच्या वासात पूर्वेकडे चंद्र उगवत होता, हळदीत बुडवून काढल्यासारखा. व्यवस्था काकांची. काकूंहून लहान असलेल्या प्रत्येकाने वयाच्या क्रमाने नमस्कार करायचा होता, म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या दोन रांगा केल्या होत्या: एक खऱ्या तारखांची आणि एक एक जूनवाल्यांची. एक जूनवाल्यांची रांग फाटकाबाहेर गेली. गुरुजीसुद्धा तिच्यातच निघाले, आणि काकांनी त्यांना संकल्प सांगण्यापुरते पुढे घेऊन नमस्काराच्या वेळी परत रांगेत पाठवले. यादी वाचायचे काम माझ्याकडे होते. माई भिंतीशी बाजेवर बसून आपल्या भावाचा कान दुरून निरखत होत्या.

सगळे संपले. गुरुजी पोथी बांधू लागले. मी यादीच्या तळाशी पाहिले, तर काकांच्या कोरीव अक्षरात आणखी एक नाव होते. ते मी वाचले.

काका पुढे आले आणि काकूंच्या पाटासमोर गुडघे टेकून वाकले. काकूंनी झटकन पाय लुगड्यात ओढून घेतले. लोक पाहून राहिलेत, पाप लावता का मला, असे त्या पुटपुटल्या.

"एक वर्स, वर एकशे छप्पन्न दिवस," काका खालूनच म्हणाले. "मोठी हायेस तू. नियम सगळ्याईले सारखा."

अंगण हसले. काकूही हसल्या. पाय त्यांनी हळूहळू बाहेर काढले. मग त्यांनी हात काकांच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. एक्क्याऐंशी ज्योतींचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर खालून पडला होता.

"मी मोठी, म्हंजे पयले मीच जाईन," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ किती टाकू असे विचारतानाचा. "माही तारीख मंग तुमीच लिहिजा. वरचे दिवसबी. चुकवजा नोका."

काकांनी डोके वर केले नाही. चव्वेचाळीस सालच्या एक जूनपासून की त्याच्या दोन वर्षांनंतरच्या पोळ्यापासून, कुठूनही मोजले तरी ज्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या तारखा लिहिण्यात गेले, ते आमचे घरमालक काकूंच्या पायांशी वाकून होते, आणि त्यांचा आवाज मातीतून आल्यासारखा आला.

"मले लिहिता येत नाई."